आभासी यंत्रांचा बॅकअप व पुनर्प्राप्ती

आभासी यंत्रांचा बॅकअप व पुनर्प्राप्ती ही संगणक व्यवस्थापनातील एक कार्यपद्धती आहे. एकाच प्रत्यक्ष संगणकावर हायपरवायझर नावाच्या प्रणालीच्या आधाराने अनेक आभासी यंत्रे, अर्थात व्हर्च्युअल मशीन, चालवली जातात. अशा यंत्राची कार्यप्रणाली, त्यातील सॉफ्टवेअर, डेटा आणि त्याची रचना यांची स्वतंत्र प्रत वेळोवेळी काढून ठेवणे याला बॅकअप म्हणतात. मूळ यंत्र नष्ट झाल्यास, बिघडल्यास किंवा चुकून पुसले गेल्यास त्या प्रतीवरून ते पुन्हा चालू करणे ही पुनर्प्राप्ती होय.

प्रत्यक्ष संगणकाची हार्ड डिस्क हे एक उपकरण असते. आभासी यंत्राची डिस्क ही बहुधा यजमान संगणकावरील एक मोठी फाईल असते. त्यामुळे संपूर्ण संगणकाची प्रत काढणे हे फाईलची प्रत काढण्याइतके सोपे झाले. मात्र प्रत काढली गेली म्हणजे त्या प्रतीतून यंत्र पुन्हा उभे राहीलच असे नाही. चालू यंत्राची डिस्क सतत बदलत असते, प्रत अनेकदा मूळ यंत्राच्याच साठवण यंत्रणेवर पडून राहते, आणि ती वापरण्याची वेळ येईपर्यंत तिची तपासणी झालेली नसते. या विषयातील बहुतेक तंत्रे आणि बहुतेक गाजलेले अपघात याच अडचणींभोवती फिरतात.

यंत्राचे घटक

व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय या हायपरवायझरवर एका आभासी यंत्राच्या अनेक फायली असतात. व्हीएमएक्स फाईलमध्ये यंत्राची रचना, म्हणजे प्रोसेसरची संख्या, मेमरी, नेटवर्क कार्डे इत्यादी लिहिलेली असते. डिस्क व्हीएमडीके या प्रकारात असते आणि ती सहसा दोन फायलींची बनलेली असते: एक अगदी लहान मजकूर फाईल, जिच्यात डिस्कचे वर्णन असते, आणि दुसरी 'फ्लॅट' फाईल, जिच्यात प्रत्यक्ष डेटा असतो. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये व्हीएचडीएक्स हा प्रकार वापरला जातो. त्याची कमाल मर्यादा ६४ टीबी आहे; त्याआधीच्या व्हीएचडी प्रकाराची मर्यादा सुमारे २ टीबी होती. लिनक्समधील केव्हीएमवर क्यूकाऊ२ फाईल प्रचलित आहे, पण तेथे डिस्क फाईल नसून एलव्हीएम किंवा झेडएफएस यांचा एक विभाग अथवा सेफ या वितरित साठवण यंत्रणेतील एक घटकही असू शकते.

यंत्र बंद करून या फायलींची प्रत काढली तर कोणताही प्रश्न उद्भवत नाही. अडचण चालू यंत्राची असते. ५०० जीबीची डिस्क सेकंदाला १२५ एमबी या वेगाने, म्हणजे १ गिगाबिट जोडणीच्या सैद्धांतिक कमाल वेगाने, वाचली तरी ४,००० सेकंद, म्हणजे तासाहून अधिक काळ लागतो. रात्री १ वाजता वाचन सुरू झाले तर डिस्कचा आरंभीचा भाग १ वाजताचा आणि शेवटचा भाग २ वाजून गेल्यानंतरचा असेल. दरम्यान एखादी फाईल डिस्कवर एका ठिकाणाहून दुसरीकडे गेली, तर प्रतीतील अनुक्रमणिका जुनी आणि मजकूर नवा अशी स्थिती होते. ही प्रत कोणत्याही एका क्षणाची नसते. डेटाबेसच्या बाबतीत ती बव्हंशी निरुपयोगी ठरते.

इतिहास

आभासी यंत्राची कल्पना १९६० च्या दशकातील आहे. आयबीएमच्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये तयार झालेली सीपी-४० ही प्रणाली १९६७ मध्ये वापरात आली, तर व्हीएम/३७० ही व्यावसायिक प्रणाली ऑगस्ट १९७२ मध्ये जाहीर झाली. व्हीएम/३७० मध्ये प्रत्येक वापरकर्त्याच्या यंत्राला 'मिनिडिस्क' नावाचा डिस्कचा तुकडा मिळत असे आणि डिस्कवरील मजकूर चुंबकीय फितीवर उतरवण्यासाठी व परत चढवण्यासाठी डीडीआर हे साधन होते.

इंटेल प्रकारच्या प्रोसेसरवर हे तंत्र सर्वसामान्य झाले ते १९९९ मध्ये व्हीएमवेअर वर्कस्टेशन आल्यानंतर. २००१ मध्ये सर्व्हरसाठी ईएसएक्स आले, २००३ मध्ये झेन, २००७ मध्ये लिनक्स कर्नलच्या २.६.२० या आवृत्तीत केव्हीएम आणि २००८ मध्ये हायपर-व्ही. आरंभीच्या काळात आभासी यंत्राला प्रत्यक्ष संगणकासारखेच वागवले जाई: प्रत्येक यंत्राच्या आत बॅकअपचे सॉफ्टवेअर बसवले जाई आणि ते रात्री ठरलेल्या वेळी फायली गोळा करत असे. एका यजमानावर वीस यंत्रे असली की ही वीसही कामे एकाच डिस्कवर आणि एकाच नेटवर्कवर एकदम तुटून पडत. सर्व्हर एकत्र आणून वाचवलेली शक्ती रात्री बॅकअपमध्ये खर्ची पडू लागली.

यावर उपाय म्हणून व्हीएमवेअरने २००६ मध्ये कन्सॉलिडेटेड बॅकअप ही यंत्रणा आणली. तिच्यात यंत्राच्या आत काहीही न बसवता बाहेरच्या वेगळ्या सर्व्हरवरून डिस्कची प्रत घेता येत असे. २००९ मधील व्हीस्फिअर ४ मध्ये तिची जागा नव्या प्रोग्रॅमिंग संचाने घेतली आणि त्यासोबत बदललेले ब्लॉक नोंदवण्याची सोय आली. आजची बहुतेक बॅकअप सॉफ्टवेअरे याच मार्गाने चालतात. हायपर-व्हीमध्ये तशी अंगभूत सोय विंडोज सर्व्हर २०१६ पासून उपलब्ध झाली. तोवर सॉफ्टवेअर कंपन्या स्वतःचे ड्रायव्हर यजमानावर बसवत असत. क्यूईएमयूने बदलांची नोंद यंत्र बंद झाल्यानंतरही टिकवून ठेवण्याची सोय २०१७ मध्ये २.१० या आवृत्तीत आणली.

स्नॅपशॉट

चालू यंत्राची एका क्षणाची प्रत मिळवण्यासाठी स्नॅपशॉट वापरला जातो. व्हीएमवेअरमध्ये स्नॅपशॉट घेताच मूळ डिस्क फाईल गोठवली जाते आणि त्यानंतरचे सर्व लेखन 'डेल्टा' नावाच्या नव्या फाईलमध्ये होते. बॅकअप सॉफ्टवेअर गोठलेली मूळ फाईल सावकाश वाचते. वाचन संपल्यावर डेल्टामधील बदल मूळ फाईलमध्ये मिसळले जातात आणि डेल्टा पुसली जाते.

स्नॅपशॉट म्हणजेच बॅकअप हा समज चुकीचा आहे, आणि तो अनुभवी व्यवस्थापकांमध्येही आढळतो. डेल्टा फाईलमध्ये फक्त बदल असतात. मूळ फाईल गेली तर डेल्टाला काहीच अर्थ उरत नाही. दोन्ही फायली बहुधा एकाच साठवण यंत्रणेवर असतात, त्यामुळे ती यंत्रणा बिघडली की दोन्ही एकदम जातात. शिवाय विसरलेला स्नॅपशॉट स्वतःच धोका बनतो. डेल्टा वाढत वाढत मूळ डिस्कच्या आकारापर्यंत जाऊ शकते, आणि साठवणुकीची जागा संपली की त्या जागेवर लेखन करू पाहणारी इतर यंत्रेही थांबतात. एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा अधिक ठेवू नये आणि साखळीत दोन-तीनपेक्षा अधिक नसावेत, अशी व्हीएमवेअरची शिफारस आहे. तांत्रिक मर्यादा ३२ आहे. डेल्टा मिसळताना यंत्र काही क्षण थांबवावे लागते. गजबजलेल्या डेटाबेस सर्व्हरवर हा थांबा इतका लांबू शकतो की त्याच्याशी जोडलेली इतर यंत्रे तो बंद पडला असे समजतात.

क्यूईएमयूची रीत वेगळी आहे. तेथे बॅकअप सुरू असताना यंत्राने अद्याप प्रत न झालेल्या ब्लॉकवर लिहायला घेतले, तर त्या ब्लॉकचा जुना मजकूर आधी बॅकअपकडे पाठवला जातो आणि मगच नवे लेखन होऊ दिले जाते. यात डेल्टा फाईल राहत नाही. परंतु बॅकअपचा सर्व्हर संथ असेल तर त्याचा संथपणा थेट चालू यंत्राला जाणवतो. प्रॉक्समॉक्सने २०२४ मध्ये ८.२ या आवृत्तीत यावर तोड काढली. तिच्यात जुना मजकूर आधी यजमानाजवळील जलद डिस्कवर तात्पुरता ठेवला जातो.

प्रतीची सुसंगतता

स्नॅपशॉटने मिळालेली प्रत ही वीज अचानक गेल्यानंतरच्या डिस्कसारखी असते. तिला अपघात-सुसंगत प्रत म्हणतात. मेमरीत असलेले पण डिस्कवर न उतरलेले लेखन तिच्यात नसते. आधुनिक फाईल प्रणाली आणि पोस्टग्रेएसक्यूएलसारखे डेटाबेस आधी नोंदवही लिहून मग बदल करतात, त्यामुळे अशा प्रतीतून ते सहसा स्वतःला सावरतात. परंतु ही हमी एका यंत्राच्या एकाच क्षणापुरती आहे. डेटाबेस एका यंत्रावर आणि त्यातील नोंदींशी निगडित कागदपत्रे दुसऱ्या यंत्रावर असतील आणि दोघांचे बॅकअप वेगवेगळ्या वेळी झाले असतील, तर दोन्ही प्रती स्वतंत्रपणे निर्दोष असूनही एकमेकींशी जुळत नाहीत. डेटाबेस सांगतो की कागदपत्र आहे, आणि ते नसते.

यापुढची पायरी अनुप्रयोग-सुसंगत प्रतीची. विंडोजमध्ये व्हीएसएस ही सेवा डेटाबेस, मेल सर्व्हर इत्यादींना पूर्वसूचना देते, ते आपले अपुरे लेखन डिस्कवर उतरवतात, लेखन क्षणभर थांबते आणि त्या अवधीत स्नॅपशॉट घेतला जातो. हा अवधी तोकडा आहे: १० सेकंदांत छाया-प्रत तयार झाली नाही तर प्रयत्न रद्द होतो. लिनक्समध्ये यंत्राच्या आतील 'गेस्ट एजंट' फाईल प्रणाली गोठवतो. डेटाबेसला तयार करण्यासाठी मात्र व्यवस्थापकाला स्वतःची स्क्रिप्ट जोडावी लागते. बऱ्याच ठिकाणी ती जोडलेली नसते आणि सॉफ्टवेअरच्या पडद्यावर बॅकअप यशस्वी झाल्याची हिरवी खूण मात्र दिसते.

काही डिस्क स्नॅपशॉटच्या कक्षेतच येत नाहीत. व्हीएमवेअरमध्ये 'इंडिपेन्डंट' म्हणून ठेवलेली डिस्क, भौतिक पद्धतीने थेट जोडलेली साठवणूक आणि यंत्राच्या आतून आयस्कझी मार्गाने जोडलेली डिस्क या यंत्राच्या बॅकअपमधून वगळल्या जातात. अशा डिस्कवरच मुख्य डेटाबेस असल्याचे पुनर्प्राप्तीच्या वेळी लक्षात येण्याची शक्यता असते.

बदललेल्या ब्लॉकची नोंद

रोज संपूर्ण डिस्क वाचणे परवडत नाही. म्हणून हायपरवायझर मागील बॅकअपनंतर कोणते ब्लॉक बदलले याची यादी ठेवतो आणि पुढचा बॅकअप तेवढेच ब्लॉक वाचतो. ५०० जीबीच्या डिस्कवर रोज दोन टक्के बदल होत असेल, तर ५०० ऐवजी १० जीबी वाचून भागते. तीस दिवस रोज पूर्ण प्रत ठेवली तर १५ टीबी जागा लागेल. एक पूर्ण प्रत आणि २९ वाढीव प्रती ठेवल्या तर ७९० जीबी पुरेल. दाबून लहान करणे आणि सारखे ब्लॉक एकदाच साठवणे या तंत्रांनी ती आणखी घटते. एकाच कार्यप्रणालीच्या वीस यंत्रांमध्ये कार्यप्रणालीचे ब्लॉक बहुतांशी सारखेच असतात, त्यामुळे दुसऱ्या तंत्राचा आभासी यंत्रांना विशेष लाभ होतो.

या बचतीची किंमत म्हणजे यादीवरचा विश्वास. २०१४ मध्ये व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय ४ आणि ५ या मालिकांतील एक दोष उघडकीस आला. बदलांची नोंद चालू असलेल्या यंत्राची डिस्क १२८ जीबीच्या सीमेपलीकडे वाढवली, तर हायपरवायझर बदललेल्या ब्लॉकची चुकीची यादी देऊ शकत असे. बॅकअप सॉफ्टवेअर ती यादी निमूटपणे पाळत असे. कोणतीही त्रुटी नोंदली जात नसे, रोजचा अहवाल स्वच्छ असे आणि वाढीव प्रतींमध्ये मात्र काही ब्लॉक गहाळ असत. नोंद एकदा बंद करून पुन्हा चालू करणे आणि नवी पूर्ण प्रत घेणे हा त्यावरचा उपाय होता. आधीच्या प्रती मात्र संशयास्पदच राहिल्या. पुढच्याच वर्षी ईएसएक्सआय ६.० मध्ये बदलांच्या नोंदीबाबतचा आणखी एक दोष आढळला.

वाढीव प्रती साखळीने जोडलेल्या असतात. मधली एक कडी खराब झाली की तिच्यापुढचे सर्व दिवस हातचे जातात. म्हणून ठरावीक काळाने नवी पूर्ण प्रत घेतात, किंवा जुन्या प्रती एकत्र करून बॅकअप सर्व्हरवरच पूर्ण प्रत तयार करतात. दुसऱ्या मार्गात चालू यंत्रावर ताण येत नाही, पण मूळ डिस्क पुन्हा वाचली जात नसल्याने आधी शिरलेली चूक तशीच पुढे जाते.

प्रत कोठे असते

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक प्रत अन्य स्थळी, हा '३-२-१' नियम छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या डिजिटल छायाचित्रांच्या जतनावरील लेखनातून प्रसिद्ध झाला आणि नंतर सर्व्हर व्यवस्थापनात रूढ झाला. आभासी यंत्रांच्या बाबतीत 'अन्य स्थळ' या शब्दाचा अर्थ वाटतो तितका सरळ नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएचक्लाऊड या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत पूर्णपणे आणि दुसरी अंशतः जळाली. काही ग्राहकांनी पैसे मोजून बॅकअपची सेवा घेतली होती, पण त्यांच्या प्रती मूळ सर्व्हरच्याच परिसरात होत्या आणि त्याही नष्ट झाल्या. करारात बॅकअप भौतिकदृष्ट्या वेगळा ठेवण्याचे आश्वासन होते. अशाच एका प्रकरणात फ्रान्समधील व्यापारी न्यायालयाने २०२३ मध्ये कंपनीला भरपाई देण्याचा आदेश दिला.

मे २०२४ मधील ऑस्ट्रेलियातील घटनेत आग लागली नव्हती. सहा लाखांहून अधिक सभासद असलेल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीची आभासी यंत्रे गुगल क्लाऊडमधील व्हीएमवेअर सेवेवर चालत होती. एक वर्षापूर्वी ती व्यवस्था उभारताना गुगलच्या अंतर्गत साधनात एक रकाना रिकामा राहिला. त्यामुळे त्या व्यवस्थेला एक वर्षाची मुदत लागली, आणि मुदत संपताच ती आपोआप पुसली गेली. ग्राहकाने पुसण्याची मागणी केलेली नसल्याने पूर्वसूचनाही गेली नाही. गुगलच्याच वेगळ्या साठवण सेवेत असलेल्या प्रती शाबूत राहिल्या. शिवाय निधीने दुसऱ्या पुरवठादाराकडेही प्रती ठेवल्या होत्या. त्यांच्या आधारे सेवा परत उभी राहिली, तरी सभासदांना आठवडाभर खाती पाहता आली नाहीत.

खंडणीखोर विषाणूंनी हा प्रश्न आणखी तीव्र केला आहे. हल्लेखोर एकेका यंत्रात शिरण्याऐवजी हायपरवायझरवरच ताबा मिळवतात, कारण तेथे सर्व यंत्रांच्या फायली एकत्र असतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआयआर्ग्ज या विषाणूने जगभरातील ईएसएक्सआय यजमानांवर हल्ला केला. ज्या त्रुटीचा त्यासाठी वापर झाल्याचे मानले जाते तिची दुरुस्ती दोन वर्षे आधीच, फेब्रुवारी २०२१ मध्ये, उपलब्ध झाली होती. या विषाणूने रचनेच्या फायली आणि डिस्कचे वर्णन करणाऱ्या लहान फायली कुलूपबंद केल्या, पण अनेक ठिकाणी मोठ्या 'फ्लॅट' फायली वाचल्या. वर्णनाची फाईल लहान आणि ठरावीक साच्याची असल्याने ती नव्याने लिहून यंत्र पुन्हा चालू करता येते, हे संशोधकांनी दाखवले आणि अमेरिकेच्या सीआयएसए या संस्थेने त्यासाठीची स्क्रिप्ट प्रसिद्ध केली. थोड्याच दिवसांत विषाणूची नवी आवृत्ती आली. ती मोठ्या फायलींचाही बराच भाग कुलूपबंद करत होती.

भारतात नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर असाच खंडणीखोर हल्ला झाला. संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टीबी डेटा कुलूपबंद झाला होता, आणि हल्ल्यातून सुटलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून रुग्णालय प्रणालीचा सर्व डेटा नव्या सर्व्हरवर परत आणला गेला. दरम्यान रुग्णालयाचे कामकाज सुमारे दोन आठवडे कागदावर चालले.

हल्लेखोर बॅकअप सर्व्हर आधी शोधतात आणि तेथील प्रती पुसतात. म्हणून ठरलेल्या मुदतीपर्यंत कोणालाही, व्यवस्थापकालाही, पुसता येणार नाहीत अशा अपरिवर्तनीय प्रती ठेवल्या जातात. ॲमेझॉनच्या एस३ सेवेत अशी सोय २०१८ पासून आहे. चुंबकीय फीतही याच कारणाने टिकून आहे: कपाटातील फितीपर्यंत नेटवर्कवरून पोहोचता येत नाही. एलटीओ-९ प्रकारच्या एका फितीत १८ टीबी डेटा मावतो. बॅकअप सर्व्हर संस्थेच्या नेहमीच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत सामील केलेला असेल, तर त्या डिरेक्टरीचा पासवर्ड हाती लागलेल्या हल्लेखोराला बॅकअपचाही मार्ग मोकळा होतो.

पुनर्प्राप्ती

पुनर्प्राप्तीचे नियोजन दोन मापांनी केले जाते. किती काळाचा डेटा गमावणे चालेल, याला आरपीओ म्हणतात; किती वेळात सेवा परत सुरू झाली पाहिजे, याला आरटीओ म्हणतात. बॅकअप दिवसातून एकदा होत असेल तर आरपीओ २४ तासांपेक्षा कमी असू शकत नाही. आरटीओचे गणित अनेकदा मांडलेच जात नाही. वर सांगितलेल्या ५०० जीबीच्या वीस यंत्रांचा १० टीबी डेटा १ गिगाबिट जोडणीवरून परत आणायला सैद्धांतिक वेगानेही सुमारे २२ तास लागतात. प्रत्यक्षात त्याहून बराच अधिक वेळ जातो, कारण दाबलेला डेटा उलगडावा लागतो आणि बॅकअपसाठी सहसा स्वस्त व संथ डिस्क घेतलेल्या असतात.

हा वेळ टाळण्यासाठी तत्काळ पुनर्प्राप्तीचे तंत्र निघाले. वीम या कंपनीने २०१० मध्ये ते बाजारात आणले. त्यात बॅकअप फाईलच यजमानाला साठवण यंत्रणा म्हणून दाखवली जाते, यंत्र तेथूनच चालू होते आणि ते चालू असतानाच डेटा मूळ जागी हलवला जातो. यंत्र काही मिनिटांत उभे राहते, परंतु बॅकअपच्या संथ डिस्कवर चालत असल्याने मंदगतीने काम करते. एकाच वेळी वीस यंत्रे अशी उभी केली तर सगळीच खोळंबतात. आधी कोणती आणि नंतर कोणती, हा क्रम म्हणूनच ठरवून ठेवावा लागतो.

यंत्राचे सातत्याने दुसऱ्या यजमानावर प्रतिबिंब ठेवण्याला प्रतिकृती म्हणतात. तिच्यामुळे सेवा लगेच सुरू होते, पण ती बॅकअपची जागा घेत नाही. चुकून पुसलेली फाईल किंवा विषाणूने कुलूपबंद केलेला डेटा प्रतिकृतीतही तसाच उतरतो.

दर वेळी संपूर्ण यंत्र परत आणण्याची गरज नसते. बॅकअपमधील डिस्क उघडून एखादीच फाईल काढता येते, आणि बिघडलेल्या यंत्राची डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडून दुरुस्तही करता येते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अद्ययावत फाईलमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. तेव्हा प्रत्यक्ष संगणकांपाशी बहुधा माणसाला जाऊन ती फाईल पुसावी लागली. ॲझ्युअरवरील आभासी यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्टने दोन मार्ग सुचवले: भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांपूर्वीच्या बॅकअपवर परत जाणे, किंवा यंत्राची डिस्क दुसऱ्या दुरुस्ती-यंत्राला जोडून ती फाईल काढून टाकणे.

परत आणलेले यंत्र भूतकाळातून आलेले असते आणि भोवतालचे जग पुढे गेलेले असते. विंडोज नेटवर्कमधील यंत्र आपला खाते-पासवर्ड दर ३० दिवसांनी आपोआप बदलते; त्याहून जुन्या प्रतीवरून उभे केलेले यंत्र डोमेनशी असलेला विश्वाससंबंध गमावते आणि त्याला पुन्हा जोडावे लागते. ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा नियंत्रक सर्व्हर जुन्या स्नॅपशॉटवर नेला तर परिणाम अधिक गंभीर होतो. तो आपल्या बदलांना आधीच वापरलेले क्रमांक पुन्हा देऊ लागतो, आणि इतर नियंत्रक ते बदल आपल्याला मिळालेले आहेत असे समजून दुर्लक्षित करतात. विंडोज सर्व्हर २०१२ पासून हायपरवायझर यंत्राला एक पिढी-क्रमांक देतो, ज्यावरून आपल्याला मागे नेले गेल्याचे नियंत्रकाला समजते. मूळ यंत्र चालू असताना त्याची प्रत शेजारी उभी केली तर दोघांचा आयपी पत्ता एकच होऊन गोंधळ उडतो.

कूटबद्ध यंत्रांची अडचण वेगळी आहे. हायपर-व्हीवर आभासी टीपीएम असलेले यंत्र स्थानिक पद्धतीने उभारले असेल, तर त्याची किल्ली यजमानावरील प्रमाणपत्रात असते. यजमान जळाला आणि प्रमाणपत्राची प्रत वेगळी ठेवलेली नसली, तर यंत्राचा बॅकअप पूर्ण असूनही ते नव्या यजमानावर चालू होत नाही.

पुनर्प्राप्तीची चाचणी

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संकेतस्थळाच्या एका अभियंत्याने दुय्यम समजून मुख्य डेटाबेस सर्व्हरवरील माहिती पुसण्याची आज्ञा दिली. चूक लक्षात येऊन त्याने ती थांबवली, तोवर सुमारे ३१० जीबीपैकी ४.५ जीबीच उरली होती. त्यानंतर एकेक बॅकअप तपासला गेला. डेटाबेसची रोजची प्रत साठवणुकीत नव्हतीच, कारण प्रत काढणारे साधन ९.२ आवृत्तीचे आणि डेटाबेस ९.६ आवृत्तीचा होता. हे काम अयशस्वी होत असल्याचे ईमेल निघत होते, पण प्रमाणीकरणाअभावी ते नाकारले जात होते. ॲझ्युअरवरील डिस्कचे स्नॅपशॉट फाईल सर्व्हरसाठी चालू होते, डेटाबेस सर्व्हरसाठी नव्हते. अखेर अपघाताच्या सहा तास आधी त्याच अभियंत्याने चाचणीच्या कामासाठी सहज घेतलेला एक एलव्हीएम स्नॅपशॉट उपयोगी पडला. तो संथ डिस्कवर असल्याने प्रत परत आणण्यातच सुमारे १८ तास गेले. कंपनीने हा सारा तपशील जाहीर केला, त्यामुळे बॅकअपच्या अभ्यासात या घटनेचा वारंवार दाखला दिला जातो.

आभासी यंत्रांमध्ये चाचणी तुलनेने स्वस्त पडते. बाहेरच्या जगाशी न जोडलेल्या वेगळ्या आभासी नेटवर्कमध्ये प्रतीवरून यंत्र चालू करून पाहता येते, आणि काही सॉफ्टवेअरे हे काम रोज आपोआप करतात. यंत्र चालू झाले, एवढ्यावर थांबणे पुरेसे नसते. डेटाबेसला एखादा प्रश्न विचारून अपेक्षित नोंद मिळते का, हेही पाहावे लागते. एकमेकांवर अवलंबून असलेली यंत्रे क्रमाने उठवावी लागतात: आधी नावे सोडवणारा डीएनएस सर्व्हर आणि डोमेन नियंत्रक, मग डेटाबेस, मग त्यावर चालणारे अनुप्रयोग.

याच चाचणीत वर्तुळाकार अवलंबित्व उघडे पडते. बॅकअप सर्व्हर स्वतःच त्याच यजमानावरील आभासी यंत्र असतो; बॅकअप कूटबद्ध असतो आणि त्याचा पासवर्ड त्याच बॅकअपमधील एखाद्या यंत्रावर ठेवलेला असतो; किंवा पुनर्प्राप्तीची लेखी कृती ज्या सर्व्हरवर आहे तोच परत आणायचा असतो. या कारणास्तव पासवर्ड, परवान्यांची माहिती, यजमानांची नेटवर्क रचना आणि यंत्रे उठवण्याचा क्रम यांची छापील प्रत डेटा सेंटरबाहेर ठेवण्याची पद्धत आहे.